भाषाशिक्षकांचें पत्र

शिक्षकानें लिहावयाचें म्हणजे क्रमिक पुस्तक लिहावयाचें, फार तर त्या पुस्तकावरील 'मार्गदर्शक' लिहावयाचें, असा समज आपल्याकडे रूढ आहे. आपल्या वर्गांत काय घडतें याची नोंद करून ती इतर शिक्षकांपुढें छापून ठेवावी, ही कल्पना फारशी कोणास सुचत नाहीं. भाषा शिकविणाऱ्यांच्या बाबतींत तर हें अधिकच खरें आहे. भाषेचा शिक्षक नियम सांगतो, वह्या तपासतो आणि तीस-पस्तीस वर्षांनीं निवृत्त होतो. त्या अवधींत त्यानें ज्या हजारों चुका तांबड्या शाईनें खुणावल्या, त्यांचें ज्ञान त्याच्याबरोबर जातें. आज विद्यापीठांतून 'उपयोजित भाषाविज्ञान' या भारदस्त नांवानें जें शास्त्र शिकविलें जातें आणि ज्याचीं नियतकालिकें जगभर निघतात, त्याचा उगम मात्र प्राध्यापकांच्या ग्रंथांत नसून पुष्कळसा शाळामास्तरांच्या टिपणांत आहे. ती हकीकत मनोरंजक आहे, आणि मला वाटतें, थोडी बोचणारीहि आहे.

१८८२ सालीं जर्मनींत हाइलब्रोन येथें एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध झाली. भाषाशिक्षणानें आतां तोंड फिरविलें पाहिजे, असा तिच्या नांवाचा आशय होता. लेखकाच्या नांवाच्या जागीं सिसेरोनें कॅटिलाइनाविरुद्ध केलेल्या भाषणाचे पहिले दोन शब्द, 'क्वोउस्क्वे तांदेम', छापले होते. हें कोठवर चालावयाचें, असा त्यांचा भाव. हा लेखक म्हणजे विल्हेल्म व्हिएटोर. त्या सुमारास तो इंग्लंडांत लिव्हरपूल येथें शिकवीत होता, व पुढें मारबुर्गच्या विद्यापीठांत इंग्रजीचा प्राध्यापक झाला. तक्रार साधी होती. लॅटिन ही कोणी बोलत नसलेली भाषा ज्या रीतीनें शिकवीत, त्याच रीतीनें फ्रेंच व इंग्रजी या जित्याजागत्या भाषा शाळांतून शिकविल्या जात: आधीं नियम, मग अपवाद, मग एकमेकांशीं कांहीं संबंध नसलेल्या वाक्यांचें भाषांतर. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर जे इंग्रजी शिकले, त्यांच्या पिढ्यांना ही पद्धति समजावून सांगावयास नको. (त्या पाठमालेवर शिकलेले लोक निर्दोष इंग्रजी लिहीत, हेंहि येथें सांगितलें पाहिजे, बोलतांना मात्र त्यांची गाळण उडे.) व्हिएटोरच्या पुस्तिकेचें उपशीर्षक मुलांवर पडणाऱ्या बोजाच्या प्रश्नासंबंधीं होतें, हें विशेष लक्षांत घेण्याजोगें आहे. म्हणजे वादाचा आरंभ भाषेच्या तत्त्वज्ञानापासून झाला नाहीं, तर मुलांच्या पाठीवरील ओझ्यापासून झाला.

पुस्तिकेनें खळबळ होते. पण खळबळ टिकावयाची तर नियतकालिक लागतें. तें काम पॅरिसमधील एका शिक्षकानें केलें. पॉल पासी याचा जन्म १८५९ चा. त्याचा पिता फ्रेदेरिक पासी हा प्रसिद्ध शांततावादी. १९०१ सालचें पहिलें शांततेचें नोबेल पारितोषिक आंरी ड्युनांबरोबर त्याला विभागून मिळालें. मुलगाहि त्याच वळणावर गेलेला. लष्करी चाकरीऐवजीं त्यानें शिक्षकाची चाकरी पत्करली आणि भावी शिक्षकांच्या वर्गांना इंग्रजी शिकवूं लागला. १८८६ सालीं त्यानें आपल्यासारख्याच मूठभर भाषाशिक्षकांस जमवून एक मंडळ काढलें आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत त्या मंडळाचें मुखपत्र सुरू केलें. त्याचें नांव इंग्रजींत होतें, 'ध्वनिशिक्षक' या अर्थाचें, आणि तेंहि उच्चाराप्रमाणें लिहिलेलें. १८८९ पासून त्याचें नांव फ्रेंच झालें: 'ल मेत्र फोनेतीक'. मंडळाचीं नांवेंहि बदलत गेलीं, आणि १८९७ पासून तें आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र मंडळ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. आज कोणत्याहि चांगल्या इंग्रजी कोशांत शब्दापुढें जी उच्चारलिपि आढळते, ती बहुधा या मंडळाची, निदान तिच्या वंशांतील असते.

या पत्राचा विलक्षणपणा असा कीं, तें अथपासून इतिपर्यंत ध्वनिलिपींत छापलेलें असे. लेख, पुस्तकपरीक्षणें, सभासदांच्या निवडणुकीचें वृत्त, वर्गणी थकल्याची सूचना, सारें उच्चाराप्रमाणें! मी प्रथम त्याचा एक जुना बांधीव खंड उघडला, तेव्हां हें पत्र आहे कीं गुप्त लिपींतील खलिता आहे, असें मला क्षणभर वाटलें. पण पानभर मोठ्यानें वाचलें आणि नवल झालें: लेखकाचा आवाज ऐकूं येऊं लागला. फ्रेंच मनुष्याचें इंग्रजी फ्रेंच वळणाचें, स्कॉटलंडच्या मनुष्याचें स्कॉटलंडच्या वळणाचें. कारण प्रत्येकानें आपल्या उच्चाराप्रमाणें लिहावें अशीच तेथें मुभा होती. छापखान्याच्या सोयीचाहि मोठा विचार या मंडळींनीं केलेला दिसतो. नवे खिळे ओतविण्याचा खर्च वांचावा म्हणून रोमन 'ई', 'सी' आणि 'व्ही' यांचेच खिळे उलटे बसवून तीन नवे स्वर त्यांनीं साधले. हीं उलटीं अक्षरें आजहि जगभर वापरांत आहेत. विद्वत्तेचा इतिहास लिहितांना खिळे जुळविणाराला आपण सहसा विसरतों. येथें तरी तसें होऊं नये.

देवनागरी वाचणाऱ्याला यांत नवें काय, असें एखाद्या वाचकाच्या मनांत येईल. आपली लिपि जशी बोलावी तशी लिहिली जाते, असें आपण शाळेपासून ऐकत आलों आहों. परंतु 'चार' म्हणजे तीन आणि एक, आणि 'चारा' म्हणजे गुरांचें वैरण, या दोहोंतील 'च' एक आहे काय? 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा. लिहितांना दोन्ही सारखे, बोलतांना मात्र मराठी मूलसुद्धां गफलत करीत नाहीं. परप्रांतीय मनुष्य मराठी शिकतो तेव्हां नेमका येथें अडतो, आणि आपण त्याला हंसतों. पासीच्या मंडळानें जें इंग्रजी-फ्रेंचसाठीं केलें, तें मराठी शिकणाऱ्या परक्यासाठीं प्रत्येक पुस्तकांतून झालें पाहिजे. तें अद्यापि क्वचित् दिसतें.

त्या मंडळाच्या नियमांत शिक्षणाचीं सहा कलमें होतीं. आरंभ ग्रंथांतील भाषेनें न करितां रोजच्या बोलण्याच्या भाषेनें करावा. पहिल्यानें ध्वनींचा परिचय करून द्यावा. मग नित्याचीं वाक्यें व वाक्प्रचार, तेहि सुट्या वाक्यांतून नव्हे तर संवादांतून आणि गोष्टींतून. व्याकरणाचे नियम वाचलेल्या मजकुरांतून मुलांनींच काढावे. शब्दाचा संबंध शक्य तोंवर मातृभाषेशीं न जोडतां थेट कल्पनेशीं जोडावा. लेखन मागाहून, आणि भाषांतर सर्वांत शेवटीं. डेन्मार्कचा ओटो येस्पर्सन, इंग्लंडचा हेन्री स्वीट असे मोठे पंडित या चळवळीच्या जवळ आले. बर्नार्ड शॉनें आपल्या 'पिग्मेलियन' नाटकाच्या प्रस्तावनेंत स्वीटची आठवण केली आहे. त्यांतील विक्षिप्त उच्चारपंडिताच्या मागें स्वीटची थोडी छाया आहे, हें प्रसिद्ध आहे. पु. ल. देशपांड्यांनीं 'ती फुलराणी' लिहिली, तेव्हां त्या स्वीटचेंच एक मराठी रूप आपल्या रंगभूमीवर अवतरलें म्हणावयाचें! १९१४ सालापर्यंत मंडळाचे १,७५१ सभासद चाळीस देशांत पसरले होते. त्यानंतर महायुद्ध आलें आणि पत्र बंद पडलें. भाषाशिक्षक एकमेकांस पत्रें लिहीत होते तो काळ संपून त्यांचे विद्यार्थी एकमेकांवर गोळ्या झाडूं लागले. १९२३ सालीं तें पुन्हां निघूं लागलें, पण पूर्वीचा उत्साह परत आला नाहीं. १९७१ पासून तें निराळ्या नांवानें आणि नेहमींच्या लिपींत निघतें. भाषाशिक्षणाचा विषय त्यांतून केव्हांच ओसरला होता. उरलें तें शुद्ध ध्वनिशास्त्र.

येथें घरचें एक उदाहरण आठवतें. पासीच्या पत्राच्या पुष्कळ आधीं आपल्याकडे शिक्षकांसाठीं 'शालापत्रक' निघत होतें. कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यामागून विष्णुशास्त्री त्याचे संपादक होते. तें १८७५ सालीं बंद झालें. त्यांतील आज काय आठवलें जातें? विष्णुशास्त्र्यांनीं संस्कृत कवींवर लिहिलेले निबंध. ते थोर आहेत यांत शंका नाहीं. पण पॅरिसच्या शिक्षकांच्या पत्रांतून एक शास्त्र निघालें आणि पुण्याच्या शिक्षकांच्या पत्रांतून वाङ्मयसमीक्षा निघाली, हा फरक मला नेहमीं विचारांत पाडतो. आमच्या शिक्षकाला काव्याविषयीं लिहिण्यांत प्रतिष्ठा वाटली. 'माझ्या वर्गांत आज हें घडलें' असें लिहिण्यांत वाटली नाहीं.

असो. पुढचा अंक पॅरिसमध्यें नव्हे तर जपानांत घडला. हॅरोल्ड पामर हा लंडनचा मनुष्य १९०२ सालीं बेल्जममधील व्हेर्व्हिए येथें खाजगी भाषाशाळेंत शिकवावयास गेला, आणि शिकवितां शिकवितां आपल्या पद्धतीवर प्रयोग करूं लागला. १९१४ सालीं जर्मन सैन्य आलें व त्याला इंग्लंडला पळावें लागलें. लंडन विद्यापीठांतील डॅनियल जोन्सनें, जो स्वतः पासीचा शिष्य, त्याला व्याख्यानें देण्यास बोलाविलें. विद्यापीठाची पदवी नसलेल्या या शिक्षकानें १९१७ सालीं भाषांच्या शास्त्रीय अध्ययन-अध्यापनावर ग्रंथ लिहिला. १९२२ सालीं जपानी शिक्षणतज्ज्ञ सावायानागी यांच्या आमंत्रणावरून तो टोकियोला गेला, आणि दुसऱ्याच वर्षीं तेथें इंग्रजी अध्यापनाच्या संशोधनाची एक संस्था उघडण्यांत आली. 'बुलेटिन' नांवाचें तिचें पत्र त्याच वर्षीं निघालें, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत प्रचंड भूकंप होऊन टोकियो शहर उद्ध्वस्त झालें. तरी पत्र चालूं राहिलें. शाळांतील जपानी शिक्षकांचे अनुभव, पामरचीं टिपणें, शब्दांच्या याद्या, कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जोडीनें येतो याचे संग्रह, असा मजकूर त्यांत येई. इंग्रजींत पाऊस 'जड' पडतो, मराठींत तो मुसळधार पडतो; अशा जोड्या नियमानें सांपडत नाहींत, त्या गोळाच कराव्या लागतात. तें किचकट काम या मंडळींनीं केलें.

पामर १९३६ सालीं परतल्यावर पत्राचें काम ए. एस. हॉर्न्बी या दुसऱ्या शिक्षकाकडे आलें. त्यानें दोन सहकाऱ्यांसह, हें सर्व साहित्य वापरून, परकी विद्यार्थ्यासाठीं एक इंग्रजी कोश रचला. तो छापून होतो न होतो तोंच जपान युद्धांत उतरलें आणि हॉर्न्बी स्थानबद्ध झाला. तरीहि टोकियोच्या काइताकुशा प्रकाशनानें १९४२ सालीं तो कोश प्रसिद्ध केला: शत्रूच्या भाषेचा, शत्रूराष्ट्राच्या माणसानें केलेला! त्याच साली संस्थेच्या नांवांतील 'इंग्रजी' हा शब्द काढून टाकून ती नुसती 'भाषा-अध्यापन संशोधन संस्था' करण्यांत आली. १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो कोश पुन्हां छापला. आपल्या घरोघरीं, महाविद्यालयांत गेलेल्या मुलाच्या टेबलावर, जो जाड निळसर-तांबडा ऑक्सफर्ड कोश दिसतो, त्याचें मूळ टोकियोच्या एका शिक्षकांच्या मासिकांत आहे.

आतां मी ज्या मनुष्याकडे येतों, तो मला या सर्वांत अधिक जवळचा वाटतो. कारण त्याचे विद्यार्थी आपल्या देशांतले होते. मायकेल वेस्ट १९१२ सालीं सरकारी शिक्षणखात्यांत नोकरीस लागून हिंदुस्थानांत आला आणि ढाक्याच्या अध्यापक विद्यालयाचा मुख्य झाला. १९२६ सालीं सरकारी शिक्षणविभागाच्या अहवालमालेंत, कलकत्त्याहून, बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्याचा ग्रंथ निघाला. सरकारी अहवाल म्हटला कीं आपण कपाळाला आठी घालतों. पण हा वाचून पाहावा. वेस्टनें प्रश्न असा विचारला: बंगाली मुलाला इंग्रजी कशासाठीं हवें? त्याचें उत्तर असें कीं, त्याला ज्ञान हवें, आणि तें ज्ञान ज्या पुस्तकांत आहे तीं वाचतां आलीं पाहिजेत. साहेबाशीं बोलण्याचा प्रसंग थोड्यांनाच येणार. म्हणून वाचन आधीं.

दुसरा मुद्दा याहून मोलाचा आहे. शाळेंत येणाऱ्यांपैकीं पुष्कळ मुलें शेवटच्या इयत्तेपर्यंत पोंचत नाहींत. मध्येंच शाळा सोडणाऱ्याच्या हातीं काय उरतें? त्यानें यासाठीं विम्याच्या व्यवहारांतला शब्द योजिला: 'सरेंडर व्हॅल्यू', म्हणजे पॉलिसी अर्ध्यावर सोडली तर जी रक्कम परत मिळते ती. व्याकरणाचे नियम अर्धे शिकून सोडले, तर त्यांची किंमत शून्य. सोपें पुस्तक वाचावयास शिकून शाळा सोडली, तर तेवढें वाचन जन्मभर पुरतें. शाळा सोडणाऱ्या मुलाचा विचार करून अभ्यासक्रम बांधणारा मनुष्य किती विरळा असतो, हें कोणत्याहि अभ्यासमंडळावर बसलेल्यास विचारा.

वेस्टनें चालू वाचनमाला तपासल्या आणि त्यांत दोन दोष दाखविले: दर पानावर नव्या शब्दांची गर्दी, आणि ते शब्दहि ग्रांथिक व जुनाट. मग त्यानें स्वतः पुस्तकें लिहून, नवे शब्द अंतराअंतरानें पेरून, शाळांतून प्रयोग केले आणि मुलांच्या वाचनाच्या कसोट्या घेतल्या. पासीच्या मंडळींत आणि त्याच्यांत हाच भेद. पॅरिसच्या शिक्षकांनीं पुष्कळ गोष्टी खऱ्या सांगितल्या, पण श्रद्धेनें सांगितल्या. वेस्टनें मोजून पाहिलें. त्याच्या वाचन-प्रथम या मतावर टीका झाली, आणि माझ्या मतें ती कांहीं अंशीं रास्त होती: न बोलतां नुसती वाचलेली भाषा मुलाच्या जिभेवर बसत नाहीं, हें आमच्या खेड्यांतील पदवीधर पाहिले कीं पटतें. पामरचें मत याच्या उलट, आधीं बोलणें. १९३४ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कला कार्नेगी निधीच्या खर्चानें भरलेल्या परिषदेंत हे दोघे एका मेजाशीं बसले, आणि शिकणाऱ्यासाठीं प्रथम कोणते शब्द निवडावे याची यादी करण्यास लागले. तिचा अहवाल १९३६ सालीं निघाला. वेस्टनें ती सुधारून १९५३ सालीं सुमारें दोन हजार मुख्य शब्दांची यादी प्रसिद्ध केली. ढाका आणि टोकियो येथील शाळांत जें जमलें, तें असें जगाच्या उपयोगीं पडलें.

यापुढची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण ती सर्वांस ठाऊक आहे आणि खरें सांगावयाचें तर तिच्यांत रंग कमी आहे. १९४६ च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश कौन्सिलनें हॉर्न्बीच्या संपादकत्वाखालीं इंग्रजी अध्यापनाचें एक पत्र सुरू केलें. तें आजहि चालूं आहे. १९४८ सालीं अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांतून 'लँग्वेज लर्निंग' हें त्रैमासिक निघालें. 'उपयोजित भाषाविज्ञान' हे शब्द मुखपृष्ठावर छापणारें पहिलें नियतकालिक तें. पुढें १९९३ सालीं त्यानें ते शब्द गाळलेहि! नियतकालिकें वाढलीं, परीक्षक आले, आंकडेशास्त्र आलें. वाईट झालें असें मी म्हणणार नाहीं. ज्यांचा गाजावाजा फार झाला अशा कित्येक पद्धती मोजमापाच्या कसोटीवर उतरल्या नाहींत, आणि त्या उतरल्या नाहींत हें कळलें तें या पत्रांमुळेंच. १९६७ सालीं पिट कॉर्डर यानें एका निबंधांत दाखविलें कीं, विद्यार्थ्याची चूक हें पाप नसून त्याच्या मनांत घडत असलेल्या भाषेचा पुरावा आहे. आपल्याकडे एन्. एस्. प्रभु यांनीं १९७९ ते १९८४ या काळांत बंगलोर वगैरे ठिकाणच्या साध्या शाळांतून केलेले प्रयोग तर जगभर वाचले गेले. पण पासीच्या पत्रांत जें अर्ध्या पानाचें टिपण येई, 'माझ्या वर्गांतील मुलें अमुक ध्वनि असा काढतात, तुमच्याकडे कसें?', त्याला आतां जागा नाहीं.

हें मी जरा तळमळून लिहितों त्याला कारण आहे. मी ज्या तालुक्याच्या गांवीं शिकलों, तेथें आम्हांला इंग्रजी शिकविणाऱ्या गुरुजींनीं एक जाड वही ठेविली होती. तींत ते मुलांच्या चुका उतरून घेत. मात्र पट्टी मारण्यासाठीं नव्हे. 'आय मेट टु हिम' ही चूक त्यांनीं 'मी त्याला भेटलों' या मराठी वाक्यासमोर मांडिली होती. 'डिस्कस अबाउट' ही 'विषयीं चर्चा करणें' यासमोर. आमच्या कोणत्या मराठी वळणांतून कोणती इंग्रजी चूक निघते, याची ती वंशावळच होती. त्यांना कॉर्डरचें नांव ठाऊक नव्हतें. मी प्राध्यापक झाल्यावर त्यांच्या मागें लागलों, आणि त्यांनीं त्या वहीवरून दहा पानांचा एक लेख तयार केला. एका नियतकालिकानें तो परत पाठविला. पूर्वीच्या संशोधनाचा परामर्श घेतलेला नाहीं आणि संदर्भसूची नाहीं, एवढेंच पत्रांत होतें. नियमानें तें बरोबरच होतें. गुरुजी हंसले, आणि पुन्हां लिहावयास त्यांनीं साफ नकार दिला. मी तरी त्या लेखाला सूची जोडून देऊं शकत होतों. मला तेव्हां सवड झाली नाहीं.

ते गेल्यावर दीड-दोन महिन्यांनीं मी त्यांच्या घरीं गेलों, तों वही रद्दींत गेली होती. घरच्यांचा दोष नाहीं; तांबड्या शाईनें भरलेली जुनी वही, तिचें त्यांनीं काय करावें? मला तिच्यांतलें एकच पान आतां स्पष्ट आठवतें. त्यावर, 'मला दोन भाऊ आहेत' याचें इंग्रजी जीं मुलें चुकतात तींच 'मला ताप आहे' याचें बरोबर कसें करतात, असा प्रश्न लिहिलेला होता. खालीं तीन वर्षांच्या तुकड्यांचीं नांवें होतीं, आणि त्याखालीं, 'पुढील वर्गावर पुन्हां पाहणें.'